हिरोशिमातली ५५ नंबरची गाडी

आपल्या मंडळाच्या अंकात प्रवासवर्णनं येतात ती बहुतेक चारधामची, युरोपच्या सहलीची, नाहीतर नर्मदा परिक्रमेची. मला लिहायचं होतं एका गाडीबद्दल, तेही रेसच्या गाडीबद्दल, म्हणून संपादकांना आधी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "काका, जरूर लिहा. फक्त सगळं नटबोल्टचं करू नका." प्रयत्न करतो. पण आयुष्यभर नटबोल्टच केलेल्या माणसाकडून किती पाळलं जाईल ते सांगता येत नाही.

वडोदऱ्यात माझ्या पिढीला 'माझदा' म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते, ती म्हणजे स्वराज माझदाची मिनी बस. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, पावागडची सहल, सगळं त्यातूनच. त्या बसच्या नावातला 'माझदा' जपानच्या हिरोशिमाचा, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आमच्या शेजारचे पारशी काका मात्र छातीवर हात ठेवून सांगायचे, की हे नाव आमच्या अहुर मज्दाचं. आम्ही हसायचो. काका खरं बोलत होते. कंपनीचे मालक मात्सुदा. त्या आडनावाशी उच्चार जुळतो म्हणून, आणि झरथुष्ट्राच्या धर्मातल्या ज्ञानाच्या देवाचं म्हणून, त्यांनी 'माझदा' हे नाव उचललं. १९३१ साली या नावाने जी पहिली गाडी निघाली ती तीनचाकी माल वाहणारी होती. आपल्याकडचा जुना तीनचाकी टेम्पो आठवा, साधारण तीच जात.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही दोघं कोबेला मुलीकडे महिनाभर राहिलो. सई तिथे नोकरी करते. तिने आमच्यासाठी क्योतो, नारा, हिमेजीचा किल्ला, सगळ्यांची यादी करून ठेवली होती. यादीत हिरोशिमा होतंच. मी म्हटलं, हिरोशिमाला जायचंच असेल तर मला तिथे एक गाडी बघायची आहे.

सई माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, लोक हिरोशिमाला कशासाठी जातात माहितीय ना?"

माहीत होतं. म्हणून तर इतके दिवस मी तो विषय काढला नव्हता.

ही गाडी मला कशी ठाऊक, ते इथेच सांगून टाकतो. कलाभवनातून डिप्लोमा करून मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच ३४ वर्षं काढली. माझं काम सीलचं. पंपाचा दांडा जिथे आतून बाहेर येतो तिथून आतलं द्रव गळू नये, म्हणून जी कडी बसवतात ते सील. पाण्याच्या पंपाचं सील गळलं तर फरशी ओली होते. ॲसिडच्या पंपाचं गळलं तर माणूस भाजतो. १९८६ पासून आम्ही तिघं ॲसिडच्या पंपासाठी सिरॅमिकचं सील बनवायच्या मागे होतो. पाच वर्षं खपलो. चार नमुने फुटले, पाचवा बरा चालू लागला होता. तेवढ्यात १९९१ उजाडलं, आयात खुली झाली, आणि बाहेरचं तयार सील मागवणं सोपं झालं. आमचं काम एका कागदाने बंद झालं. मालकांचा हिशोब चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. पण त्याच सुमारास एका सल्लागाराच्या केबिनमध्ये एक परदेशी मासिक पडलेलं होतं, त्यात नारिंगी-हिरव्या चौकटींची एक चपटी गाडी होती. खाली लिहिलं होतं, की चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या या गाडीच्या इंजिनातली सील सिरॅमिकची आहेत. ते पान मी मागून घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे.

सौ.च्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, त्यामुळे ती नातवाबरोबर कोबेलाच थांबली. मी आणि सई पहाटे निघालो. बुलेट ट्रेनने सव्वा तासात हिरोशिमा. माझदाचं संग्रहालय कारखान्याच्या आवारात आहे. तिकीट नाही, पण आधी नोंदणी करावी लागते. सईने दुपारच्या फेरीत दोन जागा धरल्या होत्या. सकाळ तिने स्वतःच्या यादीसाठी ठेवली होती.

त्या सकाळीबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. ज्या घुमटाचे फोटो आपण पाहतो तो प्रत्यक्षात लहान आहे, आपल्या मांडवीच्या जवळ उभा केला तर लोक वळसा घालून स्कूटरी नेतील एवढा. ट्राम त्याच्या अगदी शेजारून जाते. ६ ऑगस्ट १९४५ नंतर तिसऱ्याच दिवशी ट्रामचा एक लहानसा टप्पा पुन्हा सुरू झाला होता. संग्रहालयात एका काचेमागे तीनचाकी सायकल आहे, गंजून तांबूस झालेली. तीन वर्षांचा मुलगा त्या सकाळी तिच्यावर खेळत होता. वडिलांनी त्याला परसात पुरलं, सायकल त्याच्याबरोबर ठेवली, आणि ४० वर्षांनी त्याच्या अस्थी कबरीत हलवताना ती बाहेर काढून संग्रहालयाला दिली. माझा नातू तीन वर्षांचा आहे. सई काचेसमोरून हलेना. बाहेर आल्यावर आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो, बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी म्हटलं, "गाडीचं राहू दे. परत जाऊ."

"बुकिंग केलंय," ती म्हणाली. "इथे न सांगता गैरहजर राहत नाहीत." मग उठली आणि चालायला लागली.

स्टेशनवरून लोकलने दोन स्टेशनं पुढे मुकाइनादा. उतरून पाच मिनिटं चाललं की माझदाचं मुख्य कार्यालय. तिथे नावं तपासून एका बसमध्ये बसवतात आणि कारखान्यातूनच संग्रहालयाकडे नेतात. बस एक लांबलचक पूल ओलांडते, तो कंपनीचा स्वतःचा आहे. आमच्या फेरीत वीसेक माणसं असतील. वाट दाखवणाऱ्या बाई इंग्रजीतून बोलत होत्या, हळू आणि नेटकं.

मला सगळ्यात आधी आवडलं ते हे, की कंपनी सुरू झाली ती बुचाच्या धंद्यात. १९२० साली 'तोयो कॉर्क कोग्यो' म्हणून. बूच! बाटलीचं, पॅकिंगचं, गास्केटचं बूच. माझ्या धंद्याचे मूळपुरुषच म्हणा ना. पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदांनी सूत्रं हातात घेतली, मग यंत्रं, मग तीनचाकी गाड्या. युद्धाच्या काळात इथेच सैन्यासाठी बंदुका बनत होत्या, हेही लिहायला हवं. हिरोशिमा नुसतं निरपराध गाव होतं आणि कारखाना नुसता गाड्यांचा होता, असं सोपं चित्र रंगवायचा मोह मला झाला होता. ते खरं नाही.

बॉम्ब पडला तिथून हा कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर. मध्ये हिजियामा नावाची एक बुटकी टेकडी आहे. या अंतराने आणि तिच्या आडोशाने कारखान्याची मोडतोड कमी झाली. काचा, छपरं गेली, पण इमारती उभ्या राहिल्या. मग जखमी लोक तिकडे लोटले. जिल्ह्याचं सरकारी कार्यालय नष्ट झालेलं, त्यामुळे पुढचे काही महिने अख्ख्या प्रांताचा कारभार या कारखान्याच्या इमारतीतून चालला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी ट्रक पुन्हा बनायला लागले. बाईंनी हे चारपाच वाक्यांत सांगितलं आणि पुढे निघाल्या. 'राखेतून भरारी' वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या गाइडने सोडलं नसतं.

आता इंजिन. संपादकांची क्षमा मागून थोडा वेळ घेतो.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, उखळातल्या मुसळासारखा. जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल नावाच्या माणसाने विचार केला, की वर-खाली कशाला, गोलच फिरू दे. त्याच्या इंजिनात पिस्टनच्या जागी फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, फुगलेल्या समोशासारखा. तो फिरतो दोन दाण्यांच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत, मध्ये किंचित दबलेली असते तशी. त्रिकोणाची तीन टोकं भिंतीला सतत चिकटून घासत राहतात, म्हणून पोकळीचे तीन कप्पे होतात. एकात हवा-पेट्रोल शिरतं, एकात दाबलं जाऊन पेटतं, एकातून धूर बाहेर. भाग कमी, धडधड कमी, आकार लहान. कागदावर इतकं सुंदर, की जगातल्या कितीतरी कंपन्यांनी त्याचा परवाना घेतला. माझदाने १९६१ साली घेतला.

अडचण त्या तीन टोकांची. तिथे सील हवं. आणि ते एकाच वेळी कडक हवं, नरम हवं, तापलं तरी सरकायला हवं, भिंत न खाता भिंतीला धरून राहायला हवं. सासू आणि सून दोघींना एकाच वेळी पटेल असं बोलण्याइतकंच ते अवघड. सुरुवातीच्या इंजिनांत सील थरथरायचं आणि भिंतीवर आडव्या चरा उठायच्या, नुकता टाकी लावलेला पाटा दिसतो ना, तशा. जपानी इंजिनियर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे.

१९६३ साली कंपनीने यासाठी वेगळा विभाग काढला. प्रमुख केनिची यामामोतो, आणि मिळून सत्तेचाळीस इंजिनियर. धन्यासाठी प्राण देणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची गोष्ट जपानात पोराटोरांना पाठ असते, त्यामुळे यांचंही नाव तेच पडलं. सीलसाठी त्यांनी हाताला लागेल ते करून पाहिलं, अगदी घोड्या-गाईंच्या हाडांपर्यंत, असं सांगतात. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेलं सील टिकलं. १९६७ च्या मे महिन्यात त्या इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट ही पहिली गाडी बाजारात आली. ती इथे उभी आहे, पांढरीशुभ्र, आजही कालच धुतल्यासारखी. पुढच्याच वर्षी जर्मनीत ८४ तासांच्या शर्यतीला त्यांनी दोन कॉस्मो पाठवल्या. होय, चौऱ्याऐंशी. एक ८२व्या तासाला बंद पडली. दुसरी चौथी आली.

ज्याच्याकडे सील टिकत नाही असं जग म्हणतं त्याने लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरावं, हे मला फार समजतं. लहान शर्यत जिंकून काय सिद्ध होणार? सील एक तास कोणाचंही टिकतं.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. रोटरी इंजिन पेट्रोल पिणारं, त्यामुळे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. कंपनी बुडता बुडता वाचली, कारखान्यातली माणसं शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवावी लागली. बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी हे इंजिन सोडून दिलं. यांनी नाही सोडलं, आणि फ्रान्समधल्या ल माँ गावच्या चोवीस तासांच्या शर्यतीला जाणंही नाही.

ही शर्यत १९२३ पासूनची. शनिवारी दुपारी चारला सुटते, रविवारी दुपारी चारला संपते. १३ किलोमीटरहून थोडा मोठा फेरा, बराचसा एरवीच्या रहदारीच्या रस्त्यांचा. एका गाडीला ड्रायव्हर तीन, ते आळीपाळीने चालवतात, पण गाडीला बदली नाही. रोटरी इंजिनाची एक जपानी गाडी तिथे १९७३ साली पहिल्यांदा उतरली आणि शेवटापर्यंत पोचली नाही. १९७९ साली माझदाच्या गाडीला शर्यतीत उतरण्याची पात्रतासुद्धा मिळाली नाही. पुढे लहान गटांत यश येत गेलं, पण मुख्य विजय जर्मन, इंग्रज घेऊन जायचे. १९९० साली ७८७ नावाच्या दोन नव्या गाड्या नेल्या. दोन्ही अर्ध्यात बसल्या. आणि वर नियम येऊ घातलेला, की यापुढे सगळ्यांनी साडेतीन लिटरचं पिस्टनचंच इंजिन वापरायचं. म्हणजे १९९१ ही रोटरीची शेवटची संधी. बरेच लोक सांगतात, की माझदा जिंकली म्हणून चिडून रोटरीवर बंदी घातली. तसं नाही. नियम आधीच ठरलेला होता, त्यांना फक्त एक वर्ष जास्तीचं मिळालं.

त्या एका वर्षासाठी इंग्रज डिझायनर नायजेल स्ट्राउडच्या आराखड्यावरची ७८७ सुधारून ७८७बी झाली. अशा गाड्या बनल्या फक्त तीन. शर्यत जिंकली ती दुसऱ्या क्रमांकाची, आणि तीच माझ्यासमोर उभी होती.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बुटकी आहे. माझ्या कमरेच्या जरा वर. नारिंगी आणि हिरवा, दोन्ही इतके भडक, की लग्नात अशी साडी कोणी नेसली तर कुजबुज व्हावी. हे रंग पैसे लावणाऱ्या कपड्यांच्या कंपनीचे. दारावर ५५. शेजारी इंजिन वेगळं मांडलंय. चार रोटर एकापाठोपाठ, सगळं मिळून २६१६ सीसी, ताकद ७०० अश्वशक्ती. प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग. हवा आत नेणाऱ्या नळ्या इंजिनाच्या वेगाप्रमाणे लांब-आखूड होतात, ट्रॉम्बोनवाला नळी सरकवतो तशा. हे सगळं कशासाठी, तर पेट्रोल वाचवायला. त्या वर्षी नियमाने एका गाडीला चोवीस तासांत २५५० लिटर पेट्रोलच मिळणार होतं. आणि पेट्रोल खाण्यासाठीच बदनाम असलेलं इंजिन त्यात भागवून जिंकलं, यातली गंमत मला मुंबईच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्याइतकी वाटते.

सील दिसत नाहीत. ती आत असतात. मी उगाच वाकून बघत होतो.

सईने विचारलं, "ही सगळ्यात वेगवान होती?"

नव्हती. आणि हे नीट सांगायला हवं, कारण कौतुकाच्या लेखांत ते खालच्या ओळीत ढकलतात. मर्सिडीज वेगवान होती. जॅग्वार दणकट होती. पण त्या दोघींना नियमाने १००० किलो वजन ठेवावं लागलं आणि माझदाला ८३० किलोची सवलत मिळाली. संघाचे प्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी ती अर्ज-विनंत्या करून मिळवली. बाकीच्यांनी फारशी हरकत घेतली नाही, कारण माझदा जिंकेल असं कोणाला वाटतच नव्हतं. सुटताना ती १९व्या जागेवर होती.

"म्हणजे लबाडी?" सई म्हणाली.

"सवलत," मी म्हटलं. ती हसली. मला तो शब्द तितकासा पटला नव्हता, पण लबाडीही नव्हे. १७० किलोची सूट मिळाली म्हणून सील टिकत नाही.

त्यांनी डाव असा टाकला, की गाडी जपून चालवायचीच नाही. ल माँ सहा वेळा जिंकलेले बेल्जियमचे जॅकी इक्स त्यांचे सल्लागार होते. चोवीस तास, पण तासाभराच्या शर्यतीसारखं चालवा, इंजिनावर विश्वास ठेवा, असं ठरलं. ५५ नंबरवर तीन तरुण. जर्मनीचा फोल्कर वायडलर, इंग्लंडचा जॉनी हर्बर्ट, बेल्जियमचा बर्ट्रां गाशो. हर्बर्टचे दोन्ही पाय तीन वर्षांपूर्वीच्या अपघातात चुरडलेले, तो लंगडत चालायचा. रात्रभरात एकेक गाडी गळत गेली. ३८ सुटल्या होत्या, शेवटी निकालात १२ उरल्या. सकाळी माझदा दुसरी होती. पुढे मर्सिडीज, ती कित्येक फेरे पुढे. दुपारी एकच्या सुमारास मर्सिडीज तापली, धूर टाकत आत आली, आणि तिची शर्यत संपली. तीन तास उरले होते आणि सगळ्यात पुढे माझदा.

शेवटचे फेरे हर्बर्टचे नव्हते. पण जमलेली घडी मोडायची नाही म्हणून त्यालाच आत ठेवलं. त्याने गाडी शेवटच्या रेषेपार नेली, ३६२ फेरे, ४९०० किलोमीटरहून थोडं जास्त. वडोदरा ते मुंबई सहा वेळा जाऊन सहा वेळा परत यायचं आणि वर थोडं उरायचं, एका दिवसात. दुसऱ्या नंबरची जॅग्वार दोन फेरे मागे. गाडीतून उतरला आणि हर्बर्ट कोसळला. अंगातलं पाणी संपलेलं. त्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि विजयाच्या मंचावर बाकीचे दोघंच उभे राहिले. वीस वर्षांनी, २०११ साली, हीच गाडी दुरुस्त करून ल माँला नेली, हर्बर्टने ती फिरवली, आणि तेव्हा त्याला त्या मंचावर चढवलं.

वायडलरची गोष्ट फलकावर दिसली नाही, मी ती आधी वाचली होती. या इंजिनाचा आवाज चिरका असतो. पुढच्याच वर्षी कानांत कायमचा घणघणाट सुरू झाल्यामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. सईने फोनवर त्या आवाजाची चित्रफीत लावली, अगदी हळू. हळू लावूनही पुढची जपानी मुलगी वळून बघायला लागली. बाटलीत अडकलेली गांधीलमाशी, पण बाटली मंदिराच्या घंटेएवढी, असं काहीसं. मला तो आवडला, पण वायडलरची आठवण ठेवून आवडला.

शर्यतीनंतर ते इंजिन हिरोशिमाला आणून उघडलं. आतल्या भागांची झीज किरकोळ होती. सिरॅमिकची सील जागच्या जागी. हे मी बाईंना विचारून पुन्हा खात्री करून घेतलं. त्यांनी विचारलं, आपण रेसिंगमध्ये आहात का? मी म्हटलं, नाही, पंपात.

जपानी कंपनीने ल माँ जिंकण्याची ती पहिली वेळ. दुसरी यायला २०१८ उजाडलं, आणि ती टोयोटा. पिस्टन नसलेल्या इंजिनाने ती शर्यत जिंकल्याचं हे एकच उदाहरण.

पुढे एका काचेच्या मार्गिकेतून चालू कारखाना दाखवतात. तिथे फोटोला मनाई. खाली लाल, पांढऱ्या, करड्या गाड्या एकाच रांगेत मिसळून सरकत होत्या. सई तिथे बराच वेळ रमली. गाडीपेक्षा तिला ते आवडलं असावं. मी दोनदा मागे जाऊन ५५ नंबर बघून आलो.

परतीच्या गाडीला दोन तास होते. सई म्हणाली, "ती टेकडी बघायची?" माझ्या ते मनातही आलं नव्हतं. पूर्वेच्या बाजूने हिजियामावर जायला सरकता जिना आहे, गुडघेवाल्यांची सोय. वर बाग आहे, चेरीची झाडं आहेत, पानं लाल होऊन गळत होती. टेकडी म्हणावी तर सत्तर मीटर. पावागड बघितलेल्या माणसाने हिला डोंगर म्हणू नये. पश्चिमेकडे ते शहर, जे त्या दिवशी सगळं गेलं आणि आता दिव्यांनी भरत होतं. आपण चढून आलो ती पूर्वेची बाजू दानबारा, या टेकडीमागे दडलेली, म्हणून तिथली जुनी घरं वाचली होती. त्याच्या पलीकडे कुठेतरी कारखाना. इतकी लहानशी आड, आणि अलीकडे-पलीकडे एवढा फरक. त्या दिवशी कोण कुठल्या बाजूला कामाला गेलं होतं, एवढ्यावर सगळं.

मी सकाळपासून मनात एक हिशोब मांडत होतो, की सायकल आणि गाडी एकाच दिवशी बघणं बरोबर की चूक. तिथे उभं राहून तो सुटला नाही. सईलाही विचारलं नाही.

तिनेच विचारलं, "बाबा, तुमचं ते सील कुठंय? पाचवं."

तिला आकडा लक्षात होता याचंच मला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "माळ्यावर. पार्लेच्या पत्र्याच्या डब्यात."

"फुटलं नव्हतं ना?"

"नाही. चालू होतं. ४०० तास झाले होते, १००० करायचे होते."

"मग पुढच्या वेळी येताना घेऊन या," ती म्हणाली. "याला दाखवू." म्हणजे नातवाला. तो तीन वर्षांचा आहे, त्याला त्यातलं काय कळणार, असं मी म्हणणार होतो. पण खाली ट्रामचे दिवे लागले होते, जिना बंद व्हायची वेळ जवळ आली होती, आणि सौ.चा फोन येऊन गेला होता, की वरणभात झालाय, उशीर करू नका.

वडोदऱ्याला आल्यावर पहिल्याच रविवारी शिडी लावली. डबा सापडला. सील कापसात होतं तसंच आहे. एका कडेला बारीक टवका दिसला, तो तेव्हाचा की नंतरचा, ते मात्र आता आठवत नाही.